कऱ्हेच्या काठाकाठाने: बोपदेव घाट ते सोनगाव

शुक्रवार : बोपदेव, कानिफनाथ, गराडे

कोंढवा मागे पडलं की बोपदेव घाट सुरू होतो. घाटमाथ्यावर गाड्या थांबतात त्या बहुतेक पुण्याकडे तोंड करून. खाली शहर पसरलेलं दिसतं, फोटो निघतात, कणीस खाऊन मंडळी परत फिरतात. आम्हाला घाटाच्या दुसऱ्या बाजूचं काम होतं. कऱ्हा नदी जिथे सुरू होते तिथून ती नीरेला मिळते तिथपर्यंत जायचं, जमेल तिथे पायी, नाहीतर दुचाकीवर, असा बेत होता. बेत ताईचा. तिने हयातभर शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर ‘आता जरा खरा भूगोल बघू’ म्हणाली आणि मला ड्रायव्हर म्हणून पकडलं.

तिच्याजवळ भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारी, म्हणजे १:५०,००० प्रमाणाचे, नकाशे होते. त्यांत दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी रेघ, असते. महिनाभर घरी बसून तिने त्यावर पेन्सिलीने कऱ्हेची हद्द आखली होती. सुरुवात मुखापासून करायची, मग डोंगरसोंडांच्या माथ्यामाथ्याने वर जायचं. कुठलाही ओढा ओलांडायचा नाही, एवढा एकच नियम. असं करत पेन्सिल पुन्हा मुखापाशी आली की आत जे सापडलं ते त्या नदीचं पाणलोट क्षेत्र. आत पडलेला थेंब, वाटेत मुरला नाही, वाफ झाला नाही, कोणी उपसला नाही, तर त्या एकाच तोंडातून बाहेर पडणार. या तीन ‘नाही तर’चं पुढे काय झालं ते कळेलच.

नकाशावर कऱ्हेचं खोरं लांबट आणि अरुंद दिसतं. उत्तरेला सिंहगडापासून भुलेश्वरपर्यंत गेलेली रांग, दक्षिणेला पुरंदर-वज्रगडापासून जेजुरीकडे गेलेली रांग. दोन्ही रांगा सह्याद्रीतून फुटून पूर्वेकडे जातात आणि जाता जाता ठेंगण्या होतात. या दोन भिंतींमधली कऱ्हा जेमतेम शंभरेक किलोमीटर वाहते. वरची भिंत ओलांडली की पाणी मुठेचं, खालची ओलांडली की नीरेचं.

बोपदेव घाटाची एक गंमत बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घाट चढतो, पण पलीकडे तसा उतरत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि सासवड त्याहून दोनशेक मीटर उंच. त्यामुळे उत्तरेकडे डोंगर तुटून खाली जातो, तर दक्षिणेकडे नुसता ढाळ आहे. ताईला याचंच कौतुक. तिचं म्हणणं, तीव्र उताराच्या बाजूचे ओढे जोरात खणतात आणि मागे मागे सरकत माथाच कुरतडतात. म्हणजे पुण्याकडचे ओढे कऱ्हेच्या खोऱ्यात घुसखोरी करताहेत आणि हद्द सावकाश दक्षिणेला सरकतेय. ‘किती सावकाश?’ विचारलं तर म्हणाली, ‘तुझ्या जमिनीच्या व्यवहारात अडचण येणार नाही इतकी.’

घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्याजवळ थांबलो. खाली काळाभोर घट्ट पाषाण, त्यावर हातभर जाडीचा विटकरी लाल पट्टा, त्याच्यावर पुन्हा काळा, पण हा भोकाभोकांचा. लाल पट्ट्यात नख घातलं की चुरा निघतो आणि बोटाला रंग लागतो. हा सगळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एक थर ओतला गेला, थंड झाला, त्याचा पृष्ठभाग उन्हापावसात कुजून तांबडा झाला, आणि मग त्यावर दुसरा थर येऊन बसला. जानेवारी असूनही लाल पट्ट्याच्या जरा वर हिरवळीची एक बारीक रेघ होती. वरच्या सच्छिद्र खडकातून पाणी झिरपतं, खालच्या चिकणमातीसारख्या लाल थराला अडतं आणि मग आडवं सरकून बाहेर येतं. या भागातले झरे, टाकी, ‘बारमाही’ म्हणवणारे डबरे यांतल्या बऱ्याच जणांचं गुपित याच जोडात आहे.

दुपारी कानिफनाथाच्या डोंगरावर गेलो. देवळातली चिंचोळी दारवजा खिडकी आणि त्यातून आत शिरण्याची कसरत प्रसिद्ध आहे, ती केली. बाहेर एक आजोबा शेळ्या घेऊन बसले होते. ताईने नकाशा उघडून त्यांना विचारायला सुरुवात केली, तर त्यांनी नकाशाकडे बघितलंही नाही. काठीने आधी डावीकडे दाखवलं, ‘ह्ये पानी पुन्याला.’ मग उजवीकडे, ‘ह्ये सासवडला.’ आणि देवळाच्या दिशेने, ‘ह्ये नाथाला.’ पेन्सिलीची रेघ आणि काठी यांत पावलाचाही फरक नव्हता.

कऱ्हेचा उगम मात्र कोणी काठीने दाखवू शकलं नाही. भिवरीत म्हणतात आमच्या ओढ्यापासून, गराड्याच्या वरच्या वाड्यांत म्हणतात आमच्या. खरं तर लहान नदीला उगम नावाचा एक बिंदू नसतोच. माथ्याखाली पाणी पत्र्यासारखं पसरून वाहतं, मग घळी, घळींचे ओघळ, ओघळांचे ओढे, आणि कुठल्या ओढ्याला नदीचं नाव द्यायचं हे गावं ठरवतात. कुंड, गोमुख असं काही बांधलेलं नाही हे मला आवडलं. गराड्याला मात्र पहिला मुक्काम होतो, आमचाही आणि पाण्याचाही. इथे नदीवर मातीचं धरण आहे. कऱ्हा धड जन्मली नाही तोच तिला पहिला बांध.

धरणाच्या भिंतीवर संध्याकाळी बसलो तेव्हा २०१९चा विषय निघाला. २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर येऊन हाहाकार उडाला, तो सगळ्यांना आठवतो. त्याच रात्री कऱ्हेलाही महापूर आला आणि दुसऱ्या दिवशी बारामतीत नदीकाठची वस्ती हलवावी लागली, हे पुण्यात कमी जणांना ठाऊक. दोन्ही पुरांचं मूळ एकच: पाऊस कात्रज ते सासवडच्या डोंगरांवर कोसळला आणि डोंगराने तो दोन वाटण्या करून दोन्हीकडे सोडला. आंबिल ओढ्याला वस्तीत शिरायला थोडाच वेळ लागला, इकडचं पाणी बारामतीपर्यंत पोचायला तासन्‌तास लागले. एवढाच काय तो फरक.

शनिवार : गराडे ते सासवड

सकाळी चालायला सुरुवात केली. गराड्यापासून सासवडपर्यंत नदी म्हणजे खडकाळ ओढा आहे. पात्रात उघडा पाषाण, मध्येमध्ये रांजणखळगे, आणि दोन्ही बाजूंना अंजीर, सीताफळ, वाटाणा. सीताफळाचा हंगाम उरकलेला. अंजिराचा खट्टा बहार चालू होता. पुरंदरच्या अंजिराला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एका बागेत पाट्या भरणं चाललं होतं. तळाला अंजिराचीच पानं, मग फळं देठ वर न येतील अशी बेताने लावत जायची. त्या मावशींनी हाताला चीक लागू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. ‘ओली जमीन न्हाई चालत ह्याला,’ त्या म्हणाल्या, ‘पानी द्यायचं, पर निथरलं पायजे.’ हे खोऱ्याच्या या वरच्या भागाचंच वर्णन म्हणायला हरकत नाही. उतार, मुरमाड जमीन, कमी पाऊस, रात्री थंडी. सह्याद्रीने ढग रिकामे करून घेतलेले असतात. पुढे पूर्वेकडे तर वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस.

वाटेत कोल्हापुरी बंधारे भेटत राहिले. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा संपताना लोखंडी ढापे टाकायचे, पाणी अडवायचं, आणि पुढच्या पावसाच्या आधी ढापे काढून घ्यायचे अशी ही सोय. एका बंधाऱ्यावर ढापे होते, पण खालून पाणी सुसाट निघून चाललं होतं, दुसऱ्यावर ढापेच नव्हते. चोरीला गेले, असं काठावर कपडे धुणाऱ्या बाईंनी सांगितलं. लोखंडाला भाव आहे. कागदावर दोन्ही बंधाऱ्यांची साठवण क्षमता तेवढीच लिहिलेली असणार.

सासवडच्या अलीकडे चांगावटेश्वर. चढण चढून गेलं की शांत आवार, कोरीव खांब आणि खाली कऱ्हेचं वळण. तिथून पुढे संगमेश्वर. इथे चांबळीकडून येणारी भोगावती कऱ्हेला मिळते आणि दोन्ही प्रवाहांच्या बेचक्यात देऊळ आहे: मोठाल्या दगडी पायऱ्या, दीपमाळा, घाट. जागा निवडणाऱ्याची नजर मानली पाहिजे. संगमाच्या नेमक्या टोकाला खडक उघडा पडला आहे आणि पाया त्यावरच आहे, म्हणून दोन नद्यांचे पूर अंगावर घेऊनही ते उभं आहे. सोपानदेवांची समाधी याच गावात, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचा शेवटही सासवडलाच, १७२० साली. आणि आचार्य अत्रे जवळच्या कोडीतचे. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव या नदीच्या पाण्याचं दिलं, त्यामुळे महाराष्ट्रात कऱ्हा पाहिलेल्यांपेक्षा ऐकलेले जास्त.

ते पाणी संगमावर बघवत नाही. भोगावतीच्या बाजूने काळसर, फेस धरलेला प्रवाह येतो. शहर वाढलं, नळ वाढले, सांडपाणी वाढलं आणि जवळचा उतार नदीकडेच. जानेवारीत वरून येणारं स्वच्छ पाणी बोटभर असताना गटाराचं पाणीच नदी होऊन बसतं. देवळाच्या पायरीवर पाय सोडून बसावं असं वाटलं होतं, बसलो नाही.

संध्याकाळी ताईच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी शिवारात नेऊन व्हॉल्व्ह दाखवला. पुरंदर उपसा सिंचन योजनेचा. ही योजना मुळा-मुठेचं पाणी हवेली तालुक्यातून उचलते, पंपांनी डोंगर चढवते आणि इकडच्या शिवारात सोडते. पुणं जे पाणी वापरून नदीत सोडतं तेच हे पाणी, वासावरून कळतंच. त्यावर कांदा, ऊस, फुलं निघतात, आणि विहिरींचं पाणी पिण्यासारखं राहिलं नाही अशी तक्रारही निघते. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने सांगणारे शेतकरी भेटले, आणि मला ते दोन्ही वेळा खरं बोलताहेत असं वाटलं.

ताईने नकाशा उघडला आणि उत्तरेच्या पेन्सिलरेषेवर एक छोटी फुली मारली. आदल्या दिवशी ज्या रेषेवरून शेळ्यांचे आजोबा पाणी वाटत होते, ती रेषा मोटार लावून ओलांडली गेली होती.

रविवार : सासवड ते जेजुरी

आज बरंचसं गाडीवर. सासवडच्या पुढे खोरं रुंदावतं, रस्ता नदीपासून लांब जातो आणि नदी शेतांमागे लपते. पात्रात वाळू जवळजवळ नाहीच. उपसून नेली, खाली खडक आणि गाळ राहिला, त्यावर वेडी बाभूळ माजली. वाळू असते तेव्हा ती पाणी पोटात धरून उन्हाळ्यात विहिरींना देत राहते. ती गेल्यावर पूर आला तसा निघून जातो. याच्या उत्तरेला कुंभारवळण, एखतपूर, खानवडी, पारगाव या बाजूला नियोजित विमानतळाची सात गावं. तिथे आम्ही गेलो नाही. धावपट्टीसाठी हवी तेवढी सपाटी या खोऱ्यात आहे हे खरं, पण सपाट दिसणाऱ्या त्या जमिनीवरूनही ओढे वाहतात आणि ते कुठेतरी वळवावे लागणार, एवढं नकाशावर बघूनही कळतं.

ज्ञानेश्वर माऊलींची पालखी याच वाटेने जाते. दिवे घाट चढून सासवड, मग जेजुरी, मग दौंडजच्या खिंडीतून वाल्हे आणि पुढे नीरास्नान. वारकऱ्यांना पायांनी ठाऊक असलेली गोष्ट ताईने मला रेषा दाखवून समजावली: दिवे घाटात वारी मुठेच्या खोऱ्यातून कऱ्हेच्या खोऱ्यात येते आणि दौंडजच्या खिंडीत ते सोडून नीरेच्या खोऱ्यात उतरते. म्हणजे एका खोऱ्याची पुरी रुंदी चालून जाते. पुणे-मिरज रेल्वेही तेच करते, फक्त ती शिंदवण्याच्या घाटाने चढते. इंजिनाला आणि पायांना शेवटी खिंडीच लागतात.

जेजुरीला नेहमीच्या गडाऐवजी वर कडेपठारला गेलो. पायऱ्या पुष्कळ, पण वर गेल्यावर खोऱ्याचा दक्षिण काठ पायाखाली येतो. एका बाजूला नाझरे धरणाचा जलाशय, ज्याला मल्हारसागर म्हणतात, तो उन्हात चमकत होता. दुसऱ्या बाजूला नीरेकडचा उतार. त्या उताराच्या तळाशी हिरवं होतं, कालव्याचं. आमच्या बाजूला पिवळं. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी गडावरून उतरून कऱ्हेवर स्नानाला जाते. नदीला पाणी नसेल त्या वर्षी काय करतात, असं एका पुजाऱ्यांना विचारलं. ‘देव अंघोळीशिवाय राहत नाही,’ ते म्हणाले, ‘धरणातून सोडतात, नाहीतर टँकर येतो.’

नाझऱ्याच्या भिंतीवर मात्र पाच मिनिटंच थांबलो. वारा फार होता. काठच्या गाळात चक्रवाकाच्या चार जोड्या. कऱ्हेवरचा हा सगळ्यात मोठा साठा. भिंतीच्या वर नदी पाण्याने भरलेली आणि भिंतीच्या खाली पायाचे तळवे भिजणार नाहीत अशी.

सोमवार : पांडेश्वर, मोरगाव

याच दिवसासाठी मी आलो होतो.

नाझऱ्याखाली पात्र कोरडं असल्यामुळे पात्रातूनच चालता आलं. पांडेश्वरला नदीकाठी जुनं शिवालय आहे, खाली दगडी काम आणि वर विटांचं. पांडवांनी इथे यज्ञ केला आणि पाण्यासाठी ब्रह्मदेवाचा कमंडलू कलंडवला, तीच कऱ्हा, असं इथे सांगतात. कोरड्या पात्रात उभं राहून ऐकायला ही गोष्ट जरा जास्तच गोड लागते. विटा पातळ, रुंद, आजच्या मापाच्या नाहीत. काही ठिकाणी गिलावा गळून त्या उघड्या पडल्या आहेत. थोडं थांबून पुढे निघालो.

मोरगावला मयूरेश्वर. अष्टविनायक यात्रेचा हा पहिला गणपती, मनोऱ्यांच्या कोटातलं काळ्या दगडाचं देऊळ, समोर नंदी. मोरया गोसावींना गणेशमूर्ती कऱ्हेतच सापडली आणि ती चिंचवडला नेली अशी परंपरा आहे. दर्शनाची रांग बेताची होती, ते आटोपून आम्ही नदीकडे वळलो.

इथली नदी वरच्या नदीसारखी नाही. वर खडकातून गेलेली कऱ्हा इथे स्वतःच आणून टाकलेल्या गाळात खोल चिरत गेली आहे. काठाच्या दरडी कुठे कुठे दोन पुरुष उंच. त्यांत पिवळट माती, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे पेरलेले, तळाशी गोटे आणि वाळू चुन्याने सांधून दगडासारखी झालेली. हे सगळं एका काळचं नाही. नदी कधी गाळ टाकत होती, कधी तोच गाळ खोदत होती. पावसाचं मान बदललं की तिचा स्वभाव बदलतो, आणि दरडीत त्याची नोंद राहते.

त्या नोंदीत मोरगावजवळ एक पान बाहेरचं आहे: ज्वालामुखीची राख. इकडचे ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गप्प झाले, मग ही राख कुठली? ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. तिथून वाऱ्यावर बंगालचा उपसागर ओलांडून ती भारतभर पडली, पावसाने धुऊन खळग्यांत साठली आणि वरून गाळ बसल्याने टिकली. अशीच राख जुन्नर भागात कुकडी नदीवर बोरी इथे आधी सापडली होती. मोरगावला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी काम केलं. राखेच्या सोबतीने त्याच गाळात अश्युलियन पद्धतीची, म्हणजे हातकुऱ्हाडींसारखी फार जुन्या घडणीची, दगडी हत्यारं मिळतात, म्हणून तिच्या वयाला महत्त्व आलं. आणि वयावर वाद आहे. एक पक्ष म्हणतो ही सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या टोबाच्या महास्फोटाची, दुसरा म्हणतो त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकाची, लाखो वर्षांपूर्वीची. पहिलं खरं मानलं तर हत्यारं करणारी माणसं इथे बरीच उशिरापर्यंत तीच जुनी पद्धत धरून होती. दुसरं खरं मानलं तर या काठावर माणसाचा वावर फारच जुना ठरतो. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण राख पडल्यानंतर तिच्यावर केवढा गाळ साठला आणि पुन्हा कापला गेला हे समोर दिसतं. अर्थात दरडीकडे बघून वय सांगणं म्हणजे शास्त्र नव्हे, हे ताईने लगेच सुनावलं.

एका ओघळीच्या कडेला ती दिसली. आधी वाटलं कोणी चुना टाकलाय. पिवळ्या मातीत राखाडी-पांढरी पट्टी, वीतभर जाड, दहा-बारा पावलं चालून दरडीत हरवलेली. खाली सांडलेली चिमूटभर उचलून बोटांत चोळली. रांगोळीपेक्षाही बारीक, पण चोळताना दोन बोटांत करकर जाणवते. ते काचेचे कण. भिंगाखाली धरले तर त्यांतले काही वाकड्या कपच्यांसारखे दिसत होते, फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती. दरडीला हात लावला नाही. शेजारीच ओघळीतून कोणीतरी भराव टाकायला माती नेलेली दिसत होती, ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा ताज्या होत्या. शेतकऱ्याला विचारलं, ही पांढरी माती कशी वागते? तो म्हणाला, ‘पानी धरत न्हाई, पीक धरत न्हाई. भांडी घासायला बेस.’

परत येताना ताईने पुन्हा उत्तरेच्या रेषेचा विषय काढला. बोपदेवला डोंगर होता, दिवे घाटात डोंगर होता. मोरगाव-सुप्याकडे रांग विरून नुसता माळ उरतो, जिथे गवतात चिंकारा फिरतात. सुप्याजवळचं छोटं मयूरेश्वर अभयारण्य त्यांच्यासाठीच. या माळावर उभं राहिलं तर पाणी कऱ्हेकडे जाणार की उत्तरेला भीमेकडे, हे डोळ्यांना कळत नाही. नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये चांगलं हाताचं अंतर. आणि अशा ठिकाणी रेषेला काही अर्थही उरत नाही, कारण जनाई-शिरसाई उपसा योजनेतून खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी याच माळरानांवर येतं. ताईची दुसरी फुली.

मंगळवार : बारामती, सोनगाव

मोरगावपासून खाली तरडोली, कऱ्हावागज, मेडद. गावागणिक बंधारे, बंधाऱ्यांत हिरवट साचलेलं पाणी, मध्ये कोरडं पात्र. रब्बीची ज्वारी दाण्यात आली होती आणि पाखरं हाकायला माळ्यावर पोरं चढलेली. एका ठिकाणी हुरड्याला बसवलं, नाही म्हणवलं नाही.

मग एकाएकी ऊस. बदल इतका सरळ रेषेत आहे की गाडीवरून जातानाही चुकत नाही: अलीकडे ज्वारी, करडई, हरभरा, पलीकडे ऊस, केळी. मधली रेघ म्हणजे नीरा डावा कालवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळनिवारणासाठी इंग्रजांनी काढलेला हा कालवा वीर इथून निघतो, नीरेच्या डाव्या अंगाने येतो आणि इंदापूरकडे जाण्यासाठी बारामतीच्या परिसरात कऱ्हा ओलांडतो. नदीला आडवी जाणारी दुसरी नदी, तीही माणसाने आखलेली आणि तिच्याहून जास्त भरलेली. ताईने इथे फुली मारली नाही. पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, ‘ही तर पार आतून गेलीय.’

बारामतीत कऱ्हेला घाट बांधलेत, पूल आहेत, काठ सजवलेत, आणि शहर ओलांडल्यावर पाण्याला पुन्हा सासवडच्या संगमाचा रंग येतो. पुढे गुणवडी, डोर्लेवाडी. आणि इथे एक उलटं घडतं. नाझऱ्यापासून कोरडी आलेली नदी इथे वाहायला लागते. जानेवारीत, पाऊस नसताना, वरून थेंब येत नसताना. दोन्ही काठांच्या उसाला दिलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि चाऱ्यांतून (शेतातल्या छोट्या पाटांतून), झिरप्यांतून पात्रात उतरतं. दरडीच्या पायथ्याशी ओल सुटलेली दिसते, तिच्यावर लव्हाळा, आणि कडेला मिठाची पांढरी साय. फार पाणी दिल्याने ज्या जमिनी खारवत चालल्या आहेत त्यांचीही ही खूण.

सोनगावला सोनेश्वराचं देऊळ आणि कऱ्हा-नीरेचा संगम. नीरा रुंद, पलीकडे जिल्हा बदलतो. कऱ्हेच्या तोंडाशी घोट्याएवढं पाणी संथ पुढे सरकत होतं. ते कुठलं असा हिशेब ताईने देवळाच्या ओट्यावर बसून मांडला. गराड्याचं पाणी गराड्याला अडलं. सासवडचं नाझऱ्याला. नाझऱ्याचं नळांत आणि शेतांत. इथे पोचलं ते बारामतीचं सांडपाणी आणि उसाखालून पाझरलेलं कालव्याचं पाणी. कालवा नीरेचा. म्हणजे या मोसमात कऱ्हा नीरेला जे देते त्यात मोठा वाटा नीरेचाच. मी म्हटलं, मग आपण गेले काही दिवस कुठल्या नदीच्या काठाने आलो? ती म्हणाली, ‘पावसाळ्यात येऊ, तेव्हा कळेल.’ २०१९सारखी एखादी रात्र आली की सगळे बांध, ढापे, पंप बाजूला राहतात आणि ती पेन्सिलीची रेघ पुन्हा खरी होते, असं तिचं म्हणणं. त्या रात्री बारामतीकरांना भेटली ती ही नदी.

बोपदेवच्या माथ्यावरून उत्तरेला गेलेलं पाणी मुठा, मुळा-मुठा, भीमा, उजनी असं लांबून फिरत नीरा नरसिंहपूरला येतं, आणि दक्षिणेला गेलेलं कऱ्हेतून नीरेत उतरून तिथेच भीमेला मिळतं. तेही बघायचं मनात होतं, पण ताईची नात बुधवारी येणार होती. कोणाला हा प्रवास करायचा असेल तर पावसाळा सरता सरता करा, ओढे वाहते असतात आणि गवत अजून हिरवं. जानेवारीत मात्र पात्रातून चालता येतं, राखेची पट्टी सापडते. सोनगावहून बारामतीला परतायला गाड्या कमी आहेत. दुचाकी नसेल तर दुपारनंतर तिथे रेंगाळू नका.